पाचवं शील

कुसुमबाई : त्या बाजूनं बोलू नका. इकडं या, उजव्या अंगाला.

आश्रुबा : तिकडं ऊन हाय की.

कुसुमबाई : असू द्या. डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाई.

आश्रुबा : कवापासून?

कुसुमबाई : सांगते. आधी तुमचं भाषण पुरं होऊ द्या. दारू सुटली, इथवर आलं व्हतं.

आश्रुबा : भाषण न्हाई गं. खरंच सुटली. गेल्या बुद्धपौर्णिमेपासून थेंब न्हाई. परभणीच्या विहारात भंतेजींनी श्वास बघायला शिकवलं. नाकाच्या शेंड्यावर ध्यान ठिवायचं. तलफ आली की तिला हाकलायचं न्हाई, तिच्यामागं जायचं बी न्हाई. आली म्हनायचं, गेली म्हनायचं.

चांगुणाबाई : आन बायको? ती बी आली म्हनायचं, गेली म्हनायचं?

आश्रुबा : बोला मामी. तुमचा हक हाय.

चांगुणाबाई : आता आठवला व्हय माझा हक? चार वर्षं झाली, लेक माझ्या दारात हाय. एवढ्यात कवा पेडगावचा रस्ता घावला न्हाई तुमाला.

कुसुमबाई : आई, तू पानी आन जा. माठ रिकामा हाय.

चांगुणाबाई : जाते. पन ती तुरी बडवायची काठी हातातून खाली ठिवू नको, सांगून ठिवते.

आश्रुबा : पेढे आनलेत गं. विद्यापीठाला बाबासायबांचं नाव लागलं. वस्तीत ढोल वाजले. काहीजन पिऊन नाचले. माझ्या हातात गिलास दिला एकानं. मी तसाच खाली ठिवला आन विहारात जाऊन बसलो.

कुसुमबाई : म्हंजे नामांतर झालं. तुमचं बी झालं म्हना.

आश्रुबा : तसंच समज.

कुसुमबाई : पाटी बदलली म्हनून आतल्या भिंती नव्या व्हत न्हाईत.

आश्रुबा : म्हनून तर आलो. भंतेजी म्हनले, ज्याला दुखवलं त्याच्यापुढं बसून माफी माग. मंग येत्या पौर्णिमेला समद्यांपुढं पाचवं शील मोठ्यानं म्हन, दारूला शिवनार न्हाई म्हनून. तुला ठाऊक हाय, वंदनेला मी चार शीलं म्हनायचो आन पाचव्याला तोंड मिटून घ्यायचो.

कुसुमबाई : ठाऊक हाय. लय नाव व्हतं त्याचं. आश्रुबा पितो, पन बुद्धापुढं खोटं बोलत न्हाई.

आश्रुबा : तेवढं एक राखलं मी, कुसुम.

कुसुमबाई : राखलं ना? मंग तुमचं ध्यान दाखवा मला. तिथं बसा. मांडी घाला. डोळे मिटा.

आश्रुबा : इथं? अंगनात?

कुसुमबाई : माझ्यापुढं बसूनच माफी मागायची ना? मी तुरी बडवते आन बोलते. तुमी नुसता श्वास बघायचा. डोळे उघडले की पेढे उचलायचे आन मुकाट्यानं फाट्यावर जायचं. एस्टी भेटंल.

आश्रुबा : आन न्हाई उघडले तर येशील?

कुसुमबाई : बसा तर आधी.

(आश्रुबा डोळे मिटून बसतो. तुरीच्या पेंढ्यांवर काठी पडू लागते.)

कुसुमबाई : दचकलाव काऊन? काठी तुरीवर पडायलीय.

आश्रुबा : आवाज लय जवळून आला.

कुसुमबाई : भ्या वाटायलंय? हाकलू नका त्याला. आलं म्हना, गेलं म्हना. मला कुनी शिकवलं असतं तर मी बी तसंच म्हनले असते. मी येडी, नुसती कोपऱ्यात बसायची.

आश्रुबा : कुसुम, ऐक...

कुसुमबाई : श्वास बघा. मोर्च्यात तुमाला पकडलं व्हतं, आठवतं?

आश्रुबा : न आठवायला काय झालं? नामांतराच्या मोर्च्यात. घोषणा देऊन देऊन घसा बसला व्हता माझा.

कुसुमबाई : जेलातून सुटून आलाव तवा वस्तीनं हार घातले. खांद्यावर निळा झेंडा व्हता. मी दारात ओवाळलं. मनात म्हनलं, जेलात दारू कुठली, सुटली असंल. शेजारनीकडून मसाला मागून आनला, कोंबडी शिजवली.

आश्रुबा : कोंबडी आठवते.

कुसुमबाई : कोंबडी आठवते. पुढचं?

आश्रुबा : पुढचं न्हाई आठवत.

कुसुमबाई : दिवेलागनीला पिऊन आलाव. मी एवढंच म्हनलं, जेलात सुटली व्हती, आता कशाला धरली? झेंडा दाराशी टेकवलेला व्हता. तुमी त्याचं कापड सोडलं. नीट घडी घातली, कपाळाला लावली, वर फळीवर ठिवली. मंग खालचा बांबू घेतला.

आश्रुबा : न्हाई.

कुसुमबाई : श्वास बघा.

आश्रुबा : खरंच आठवत न्हाई गं मला.

कुसुमबाई : तुमचं बरं हाय. दारू पिनाऱ्याला इसरू देती, मार खानाऱ्याला न्हाई देत. कानातून रगत आलं. रातभर आत शिट्टी वाजत व्हती. मंग ती बी बंद झाली. सकाळी पौर्णिमेची वंदना व्हती. तुमी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून पुढच्या रांगेत. मी मागं बायांत, कानात कापूस कोंबून, वरून पदर. पाचव्याला तुमी गप बसलाव. तर बाजूची मला कोपर मारून म्हनली, बघ कसा इमानदार गडी हाय तुझा.

आश्रुबा : बास कर.

कुसुमबाई : पहिलं शील काय हाय?

आश्रुबा : पाणातिपाता वेरमणी...

कुसुमबाई : आपल्या भाषेत सांगा.

आश्रुबा : जीवाला मारनार न्हाई. दुखवनार न्हाई.

कुसुमबाई : ते त्या दिवशी समद्यांत मोठ्यानं म्हनलाव तुमी. एका कानानं ऐकलं मी. पाचव्याची लाज वाटली, पहिल्याची न्हाई वाटली. बायकोला जीवात धरलंच नव्हतं तुमी.

(आश्रुबा डोळे न उघडता बाहीनं गाल पुसतो.)

कुसुमबाई : रडायलाव? रडा. मिटल्या डोळ्यांतून बी पानी येतं, मला ठाऊक हाय.

आश्रुबा : काय करू सांग. पाया पडतो तुझ्या.

कुसुमबाई : पाया पडून काय व्हतं? दारू सोडली, चांगलं केलं. तुमचं लिव्हर वाचंल. माझा कान न्हाई वाचत. येत्या पौर्णिमेला पाचवं खुशाल म्हना. पन पहिल्याला तोंड मिटायचं.

आश्रुबा : समद्यांपुढं?

कुसुमबाई : समद्यांपुढं. कुनी इचारलं तर झेंड्याची घडी कशी घातली ते बी सांगायचं.

आश्रुबा : आता कुठं लोकं मान द्यायलेत गं मला. दारू सोडनाऱ्यांना मीच बसवतो श्वासावर. हे ऐकलं तर ते उठून जातील. ते गेले तर मी कशाच्या जोरावर राहू? परत बाटली धरीन मी.

कुसुमबाई : ते मला काय सांगता? श्वासाला सांगा.

आश्रुबा : किती दिस गप बसू?

कुसुमबाई : माझ्या डाव्या कानाला ऐकू येस्तोवर.

आश्रुबा : आन मंग तू येशील?

कुसुमबाई : न्हाई.

आश्रुबा : न्हाई?

कुसुमबाई : येते असं मी कवा म्हनलं? बसा म्हनलं, तुमी बसलाव. तुमी चांगले झालाव म्हनून मी कशाला परत त्या दारात येऊ? उठा आता. एस्टी जाईल.

आश्रुबा : जाऊ दे. न्हाई उघडत मी डोळे.

चांगुणाबाई : अगं बया, अजून हितंच हायेत का हे? काय करायलेत?

कुसुमबाई : श्वास बघायलेत.

चांगुणाबाई : चालू हाय का बंद पडला, ते बघायलेत व्हय?

आश्रुबा : अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि...

चांगुणाबाई : आता काय पुटपुटायलेत?

कुसुमबाई : शीलं म्हनायलेत.

आश्रुबा : कामेसु मिच्छाचारा वेरमणी सिक्खापदं समादियामि...

चांगुणाबाई : पन पहिलं राहिलं की! ओ जावईबापू, सुरुवातच चुकली तुमची.

कुसुमबाई : राहू दे, आई. आज बराबर म्हनायलेत.