झुंबरबाईंचा अर्ज आणि रंगनाथचं अक्षर

नाय नाय बद्रुद्दीनभाई, घरी कशाला एवढी स्टुलं, कारखान्यासाठी पाहिजेत — सिन्नरला, एमआयडीसीत, मसाल्याचा कारखाना आहे आमचा. आमचा म्हणजे शेठचा. मी रंगनाथ, पॅकिंगचा सुपरवायझर, अठरा वर्षं झाली. बावीस द्या, चांगली मजबूत — हे डुगडुगतंय बघा, हे बाजूला ठेवा. आधी नव्हती? होती ना! बावीस बाया, बावीस स्टुलं, मस्त चाललं होतं. मग शेठ गेले त्या शिबिराला, नाशिकच्या मोठ्या हॉटेलात. तिथं कुणा कोटवाल्यानं सांगितलं, बसलेला माणूस झोपतो आणि उभा माणूस प्रगती करतो. हे शेठनी दोन दिवस गादीच्या खुर्चीत बसून ऐकलं, बरं का! सोमवारी आले न म्हणाले, रंगनाथ, स्टुलं काढ. — कुणी काढली म्हणजे? आता... मीच काढली, भंगारात पण मीच घातली. पण हुकूम शेठचा. हात फक्त माझे.

मग बाया आठ-आठ तास उभ्या. त्यात आमची झुंबरबाई — पंचावन्नची, गुडघे गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. पहिल्या दिवशी फरशीवर बसली. शेठ म्हणाले, खायचा माल आहे, जमिनीवर बसायचं नाय. दुसऱ्या दिवशी धन्याच्या पोत्यावर बसली — शेठनी पोतीच हलवली. तिसऱ्या दिवशी घरनं स्वतःचं स्टूल घेऊन आली, डोक्यावर, हंडा आणावा तसं. गेटवर आमचा वॉचमन फकिरा, त्यानं अडवलं, रजिस्टरात लिहिलं — 'एक स्टूल, संशयास्पद' — आणि जप्त केलं. तेव्हापासून त्याच्यावर फकिराच बसतो. विचारलं तर म्हणतो, पुराव्याची राखण करतोय.

हसू नका, पुढं लय वाईट झालं. शेठनी मेमो काढायला लावला. लिहिला... हो, मीच लिहिला. कॉम्प्युटर आहे हो, पण माझं अक्षर बघितलंय का तुम्ही? शाळेत फळ्यावरचा सुविचार सात वर्षं मीच लिहायचो. तर लिहिलं — 'आपण धन्याच्या पोत्यावर बसलेल्या स्थितीत आढळून आलात. आपणांस कामावरून कमी का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा.' 'आढळून'चा ढ काय उतरला होता, भाई! झुंबरबाईच्या हातात दिला. मला वाटलं, भांडेल. नाय भांडली. कागद चारदा दुमडला, कमरेला खोचला न गेली. नवरा नाय तिला, ह्या कामावरच घर. त्या दिवशी मला डबा गेला नाय — म्हणजे गेला, पण उशिरा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाई थेट नाशिकला, कोर्टात. तिथं ते विधी सेवावाल्यांचं ऑफिस असतं ना, बायांना वकील फुकट देतात — तिथल्या वकीलबाईंनी मेमो वाचला न विचारलं, बसलात म्हणून? फक्त बसलात म्हणून? मग सांगितलं, उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक आहे, कायद्यातच आहे. मेमोचा खुलासा द्या, आणि कारखाना निरीक्षकांकडं लेखी तक्रार करा — तारखा घाला, नावं घाला, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि आपल्या कागदावर पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. मला हे कसं माहीत? — तेच तर सांगतोय! ती संध्याकाळी माझ्याच घरी आली. म्हणाली, रंगनाथभाऊ, तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाय, अर्ज तुम्हीच लिहा. मी म्हटलं, झुंबरबाई, अहो तक्रार माझ्यावर पण आहे! तर म्हणते, हो ना, तुमचं नाव दुसऱ्या ओळीत येईल, ते जरा नीट काढा.

आता काय करता? लिहायला बसलो. पहिला अर्ज मिळमिळीत झाला, फाडला. दुसऱ्यात लिहिलं, 'पर्यवेक्षक रंगनाथ यांनी निर्दयपणे स्टुले हटविली.' वाचून दाखवलं, तर झुंबरबाई म्हणाली, निर्दयपणे खोडा. म्हटलं, अहो, जोर येतो त्यानं! ती म्हणाली, जोर गेला खड्ड्यात, स्टुलं नेताना तुमचं तोंड रडवेलं झालं होतं, मी पाहिलंय, खोटं लिहायचं नाय. — डोळ्यात काय नाय भाई, तुमच्या दुकानात धूळ लय आहे. तर खोडलं ते. बावीस सह्या झाल्या, काही अंगठे. तेविसावी... तेविसावी जाऊ द्या. तेविसावी असती तरी तुम्हाला काय करायचंय!

आठ-दहा दिवसांनी निरीक्षक साहेब आले. जाडजूड गृहस्थ. पॅकिंग हॉलमध्ये रिपोर्ट लिहायला लागले न म्हणाले, एक खुर्ची द्या. अख्ख्या हॉलात खुर्ची नाय! शेठ म्हणाले, साहेब, उभ्यानं कसं ताजंतवानं वाटतं. साहेबांनी तासभर उभ्यानं रिपोर्ट लिहिला. उभ्यानं लिहिलेला रिपोर्ट लय कडक उतरतो, भाई, बसून लिहिला असता तर पानभरात भागलं असतं. मग त्यांनी मेमो मागितला, तक्रारीशेजारी ठेवला, चष्मा वर केला. म्हणाले, दोन्हीत ढ एकच आहे. शेठनी माझ्याकडं पाहिलं. बावीस बायांनी पाहिलं. मी म्हटलं, साहेब, मेमो यांनी सांगितला, तक्रार यांनी सांगितली, माझं फक्त अक्षर. साहेब म्हणाले, सुंदर आहे.

मग काय, लेखी आदेश झाला, बसायची योग्य सोय करा. शेठनी मेमो मागं घेतला — ते पत्र पण मीच लिहिलं, वेलबुट्टी काढून. मला? नाय, काढलं नाय अजून. शेठ बोलतच नायत माझ्याशी, चिठ्ठ्या पाठवतात. आजची चिठ्ठी — बावीस स्टुलं, स्वस्तातली. आणि बायांनी झुंबरबाईंना पाठवलंय सोबत, माल पास करायला. ती काय, टेम्पोत... अरे, आली की आत. या झुंबरबाई. नाय, यांना काय सांगत नव्हतो मी, दर विचारत होतो. हे बघा स्टूल — तिकडं कुठं? अहो झुंबरबाई, ती पाठीवाली खुर्ची आहे! उठा. — योग्य म्हणजे? आदेशात योग्य लिहिलंय ते खरं, पण योग्य म्हणजे पाठ टेकणारी, असं कुणी... वकीलबाई म्हणाल्या? बावीसच्या बावीस पाठीवाल्या? आणि शेठना कोण सांगणार? — मी? फोनवर? फोनवर अक्षर दिसत नाय हो माझं! बरं. बरं, लावतो. वाजतोय. अहो भाई, मघापासून किती बोलता तुम्ही, जरा गप्प राहा — उचलला शेठनी.