तिसऱ्या गाण्यातला ठोका

तिथे नको ठेवूस तो कागद, तिथे रक्त आहे. त्या पालथ्या टबावर ठेव आणि वर माझा थर्मास ठेव, नाही तर कुणी दार उघडलं की जाईल उडून समुद्रात, मग तुला ऑस्लोहून परत यावं लागेल — परत ते चिमुकलं विमान, परत ती ओकारी. सही करायचीय ना, करू की. पण हात बघ माझे. ही माशांची डोकी संपू देत आधी. किती म्हणजे — मोजली कोणी, असतील पाचशे. बस तू. काय नाव म्हणालीस? सिल्ये. बरं. बस, सिल्ये, आणि तो पांढरा कोट सांभाळ. रेकॉर्ड कंपनीत सगळे पांढरेच कोट घालतात का? कॉडच्या मोसमात आमच्या बेटांवर पांढरं कोणी घालत नाही.

हे बघ, हे असं असतं. डोकं उचलायचं, जबड्याखालून या सळईवर ठोकायचं — ठक. सुरी फिरवायची — सर्र. जीभ टबात — टप. डोकं ओढून मागे भिरकावायचं, पुढचं घ्यायचं. तोंड काय फिरवतेस, लोण्यात तळून ताटात आली की बोटं चाटत खाल. हे काम इथे शाळकरी पोरांचं, माझ्या वयाचा माणूस इथे उभा राहत नाही. मी राहतो. कारण आमचं पहिलं गाणं, जे तुझ्या आईच्या लग्नात वाजलं असणार — वाजलं ना? बघ — त्याचा ताल कुठून आला वाटतं तुला? ठक, सर्र, टप, आणि मग एक श्वास. याच शेडमध्ये. बाप मागे उभा असायचा, माझा हात जरा मागे पडला की ओला हातमोजा फाडकन मानेवर. बोलायचा नाही, नुसतं मारायचा. एका मोसमात माझा हात घड्याळासारखा चालायला लागला. मग ड्रमवर बसलो तेव्हा सिगब्यर्न म्हणाला, अरे ऑडवार, तुझ्याकडे हे आलं कुठून? म्हटलं, मार खाऊन आलं.

चाळीस वर्षं. सिगब्यर्न पियानोवर, तूरिद गाणार, मी ड्रमवर. तिघंच. बँडचं 'नूरफेर्या' हे नाव पण माझंच, ज्या बोटीने पहिल्यांदा बेट सोडलं त्या बोटीचं. आणि तू काय समजतेस, आम्ही एकमेकांना फुलं द्यायचो? सिगब्यर्नने माझ्या डोक्यात बाटली घातलीय, हे बघ, इथे केस येत नाहीत. मी त्याचे दोन दात पाडलेत, एकदाच नव्हे, खोटे बसवले ते पण पाडले. एकदा ट्रोम्सोमध्ये कार्यक्रमाच्या आधी तूरिदने आम्हा दोघांना मायक्रोफोनच्या दांड्याने झोडपलं, आणि मग तसेच सुजलेल्या तोंडांनी वर जाऊन आम्ही जे वाजवलं ना — लोक खुर्च्यांवर उभे राहिले. आमच्यात भांडण म्हणजे सूर जुळवणं. मारायचं, कॉफी प्यायची, वाजवायचं. त्यामुळे गेल्या शरदात जे झालं त्याचा कोणी फार बाऊ करू नये असं माझं म्हणणं आहे.

वाचलं मी, वाचलं सगळं. पेपर येतो इथे. बाजारात यायच्या आधीच पेपरवाल्यांना ऐकायला दिलात ना तुम्ही. 'नूरफेर्याचा नवा अल्बम — वयाने शिकवलेला संयम.' संयम म्हणे. 'पियानोचा डावा हात जणू मौनात गेला आहे, खालच्या सुरांच्या जागी त्यांनी धाडसाने रिकामी जागा ठेवली आहे.' धाडसाने. आणखी एकाने लिहिलंय, चाळीस वर्षं ठोकून वाजवणाऱ्या बँडला शेवटी शांततेचा अर्थ कळला. मी वाचता वाचता इतका हसलो की कॉफी नाकातून आली. अरे गाढवांनो, डाव्या हाताची चार बोटं मोडलीत त्याची. प्लास्टर होतं कोपरापर्यंत. एका हाताने वाजवतोय तो, म्हणून जागा रिकामी आहे. आवाज बदललाय म्हणे, प्रगल्भ झालाय. हाडं मोडली की आवाज बदलतोच.

तुला माहीत नव्हतं? तुम्हाला ऑफिसात काय सांगितलंय — नावेवरून पडला? झाकण पडलं, बाई. पियानोचं झाकण. निसटलं.

निसटलं म्हणतोय ना. डॉक्टरला तेच सांगितलं, तूरिदने तेच सांगितलं, आणि सिगब्यर्नने स्वतः तेच सांगितलं. मग झालं तर.

आता हा कागद. मला कळतो हा कागद, मला चाळीस वर्षांत असले ढीगभर आलेत. रेकॉर्डवर जो जो ऐकू येतो त्याचं नाव, काय वाजवलं ते, आणि खाली त्याची सही. सही नाही तर तो आवाज काढून टाकायचा. आम्हीच भांडून आणलेला नियम आहे तो, वादकांनीच. आणि मी तर या अल्बमवर नाही. मला काढलं. नोव्हेंबरात तूरिद आली, दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही, म्हणाली, ऑडवार, पुढचं आम्ही दोघं करतो. ड्रम नाहीत या अल्बमवर, एक ठोका नाही — असं मला वाटत होतं. मग मागच्या आठवड्यात तिचा फोन. म्हणे तिसऱ्या गाण्यात तू आहेस. म्हटलं मी कसा असेन? म्हणे टेप चालू होती.

टेप चालू होती. नियम कोणाचा? माझा. पहिल्या दिवसापासून मी सांगितलेलं, कॉफी चुलीवर चढली की टेप सुरू, शेवटचा माणूस कडी लावून बाहेर पडला की बंद. मध्ये कोणी बंद केली तर हात तोडीन — असंच म्हणायचो मी, हात तोडीन. कारण आपण वाजवतोय असं वाटत नसतं तेव्हाच माणूस खरं वाजवतो. सिगब्यर्नला चीड यायची, म्हणायचा, घरात पादायची पण चोरी. आणि नेमका तोच दिवस अडकला त्या टेपमध्ये. माझ्याच नियमाने मला धरलं बघ.

थांब, हे काही नाही, कापलं थोडं. दिवसाला एकदोनदा होतं. फडकं दे ते — ते नको, ते बरं आहे, हां. हात थोडा हलतो. थंडीने हलतो. उन्हाळ्यातही हलतो, विचारू नकोस. दोन वर्षं झाली. दौऱ्यात मी सगळ्यांच्या किंचित मागे पडायला लागलो, डोळा मिटायला लागतो तेवढाच, त्याहून कमी. लोकांना कळत नव्हतं. सिगब्यर्नला कळलं. त्याने काय करावं? मला चार शब्द बोलायचे, बाटली घालायची डोक्यात, मी समजलो असतो. नाही. गप्प बसला. आणि त्या दिवशी नावेच्या शेडमध्ये गेलो — तिथेच आमचा पियानो, तिथेच सगळं — तर कॉम्प्युटरवर ताल चालू. माझाच. ठक, सर्र, टप. पण सरळ केलेला. श्वास काढून टाकलेला. म्हटलं, हे काय? तर सिगब्यर्न डावा हात पियानोवर ठेवून, उजव्याने कॉम्प्युटरचं बटण दाबत, माझ्याकडे न बघता म्हणतो, तुझं दुरुस्त केलंय, आता मागे पडत नाही.

दुरुस्त केलंय. माझ्या मानेवर आजही तो ओला हातमोजा आहे, सिल्ये, आणि हा माणूस मला सांगतो, दुरुस्त केलंय.

तर झाकण निसटलं. हो. आणि आता तो म्हणतो, ऑडवारचं नाव हवं, त्याच्या सहीशिवाय ते गाणं बाहेर जाणार नाही. आता मला सांग, तू शिकलेली आहेस — निसटलेल्या झाकणाला वादक असतो का? सही केली म्हणजे मी वाजवलं असं झालं. मग डॉक्टरला जे सांगितलं ते खोटं, उद्या पोलिसांनी विचारलं तर तेही खोटं. आणि नाही केली तर तो आवाज काढणार तुम्ही. माझा शेवटचा आवाज. यानंतर मला कोण बसवणार ड्रमवर, या हाताने? म्हणजे मी एक तर गुन्हेगार नाही तर मुका. बरी गोची केलीय त्याने. अशी गोची त्याला कधी जमत नसे, बाटलीच जमायची.

आणि ते लोक काय ऐकतात त्यात कोणास ठाऊक, पेपरात सगळे आपले 'ती थाप, ती थाप' — त्यांना मोजता तरी येतं का? पहिला ठोका रागातला होता, तो कसाही पडला, तो आवाज नव्हेच, ती नुसती आदळआपट. खरा दुसरा. तालावर पडला तो, त्या कॉम्प्युटरच्या तालावर, तंतोतंत, केसाचाही फरक नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा माझा हात वेळेवर पडला, आणि मला तो पडता पडताच कळलं की —

काय? दुसरा कुठला म्हणजे?

दे तो कागद. चष्मा — राहू दे, दिसतंय. 'तिसरं गाणं. पियानोचं झाकण. एक ठोका. वादक, ऑडवार...' एक. हे कोणी लिहिलं? हे सिगब्यर्नचं अक्षर आहे. उजव्या हाताने लिहिलंय. एक ठोका.

फोनवर आहे ना तुझ्या? लाव. तिसरं लाव. मोठ्याने.

हं.

ही तूरिद. — गप्प. आता येईल.

हा. हा एक.

...

नाही. एवढंच? मग नुसतं शांतच? परत लाव.

कापला. दुसरा कापला त्याने. झाकण एकदा पडलं तर निसटलं म्हणतात लोक, दोनदा नाही निसटत — हे त्यालाही कळतं, म्हणून कापला. माझ्यासाठी कापला. त्याचा हात आत होता, सिल्ये. पहिल्यानंतर तो ओरडला नव्हता, त्याने माझ्याकडे पाहिलं होतं फक्त, आणि मी झाकण उचललं तेव्हा त्याला वाटलं मी त्याचा हात सोडवतोय. तो 'थँक्स' म्हणाला. टेपवर असणार ते. तेही कापलं असणार. आणि मी उचललेलं झाकण हातात धरून त्या तालाची वाट बघितली. मोजलं. ठक, सर्र — आणि टपवर टाकलं.

असं बघू नकोस. विचारलंस का तू? मी आपणहून सांगितलं. तुला तर एका ठोक्याचाच पत्ता होता.

माझा चांगला तोच होता गं. आयुष्यातला शेवटचा वेळेवर पडलेला. आणि त्याने दया करून पहिला ठेवला, तो गचाळ.

पेन दे. हे 'एक' खोडतो. इथे लिहितो, दोन. त्याला म्हणावं, दुसरा परत घाल, आणि त्याच्याआधीचा तो शब्दही घाल, काही कापू नकोस. नियम आहे. ही सही. डाग पुसू नकोस, अर्धा माशाचा आहे.

जा आता. विमानतळाची बस सुटेल तुझी. दार ओढून घे.