नदीकाठची गाडवाट

झरीच्या फाट्यावर मोटारीची वाट बघत पार्वतीबाई लिंबाखाली बसल्या होत्या. शेजारी जिंतूरला निघालेल्या एका नवराबायकोनं बैलगाडी सोडली होती. बैल पाणी पीत होते आणि दोघांचं वाटेवरून जुंपलं होतं.

“सरकारनं एवढी सडक केली, अन् तुला गाडवाट पायजे?”

“सडकंला निसती खडी. बैलांचे खूर झिजतेत. नदीकाठानं चला, पळस लय फुललाय म्हनतेत.”

“पळस आपल्या बांधाला न्हाई का?”

“हाय की. पर तिथून माझं म्हायेर दिसत न्हाई.”

“आता आलीस बघ मुद्द्यावर! तुझ्या बापानं भर मांडवात मला बोल लावला. त्यो मूळ धाडून बोलवत न्हाई तवर त्याच्या दारात जायाचं न्हाई, ठरलंय.”

“मोडा म्हनले का मी? दोन साल झाले, आईचं तोंड बघितलं न्हाई. अन् नुसतं वाटंनं जायाला मूळ लागत न्हाई.”

“लोक म्हनतील, जावाई न बोलवता आला.”

“जावयानं म्होरं बघून गाडी हाकावी. लोकायला काय करायचंय?”

“गाडी थांबनार न्हाई.”

“नगा थांबवू.”

“अन् तू खाली उतरायचं न्हाई. आधीच सांगून ठेवतो.”

“मी कामून उतरू? आईच चढंल की गाडीत. कालच सांगावा धाडलाय. येऊन बसली आसंल वाटंवर.”

“आगं, चालत्या गाडीत म्हातारी चढंल कशी?”

“तेवढी हळू हाकाल तुमी.”

त्यानं बैल जुंपले आणि गाडी नदीकडं वळवली.