एक हजार नऊ खुर्च्या

आता तुम्हीच सांगा, एक हजार नऊ हा काय आकडा झाला? हजार म्हणा, अकराशे म्हणा! आयुष्य गेलं माझं खुर्च्या भाड्यानं देण्यात, पण एक हजार नऊ कुणी मागितल्या नव्हत्या हो! पण सत्कार पडला आमच्या सासऱ्यांचा. गणिताचे मास्तर. निवृत्त झाले ते फक्त शाळेतून, घरात तास चालूच! मुलगी बघायला गेलो तेव्हा मला म्हणाले, "सतराचा पाढा म्हणा." अडलो मी. तुम्हाला सांगतो, तेव्हापासून त्यांच्या लेखी मी नापास. म्हटलं, या सत्काराला तरी पास होऊन दाखवायचं.

तर म्हणाले, "जावईबापू, माणसं एक हजार नऊ, तुम्ही धरून. सगळ्या रांगा सारख्या हव्यात. एकही खुर्ची उरता कामा नये." मी म्हटलं, "मामा, काळजीच नको!" न मोजता बोलायची खोड, दुसरं काय!

सकाळी चोवीस-चोवीसच्या रांगा लावल्या. एक उरली. मोजण्यात चुकलं असेल म्हणून सगळं मोडलं, एकवीसच्या लावल्या... एक उरली! अठराच्या? एक! चिडून पंचवीसच्या लावल्या तर नऊ उरल्या, आगीतून फुफाट्यात! आमचा हमाल म्हणतो, "शेठ, खुर्च्या मांडायच्यात की नुसत्या फिरवायच्यात?" त्यात बायकोचा फोन. "अहो, जमतंय ना? बाबा विचारतायत. या वेळी तरी..." आता या 'तरी'ला काय उत्तर देणार? एक हजार नऊ! हा काय आकडा झाला?

शेवटी माझीच खुर्ची उचलली, पडद्यामागे टाकली. खुर्चीवाला उभा राहिला तर कुणाला कळतंय? अठ्ठावीसच्या छत्तीस रांगा, दोरी लावून बघा!

सासरे आले, बघितलं, आणि चेहराच पडला हो त्यांचा. "एक कुठाय?"

"माझी होती, मामा. मी उभा राहीन."

"अहो, एक हजार नऊ ही मूळ संख्या! एक आणि ती स्वतः, तिसऱ्या कशानंही भाग जात नाही. सगळे एका रांगेत बसवा, नाहीतर एकामागे एक! आज भाषणात तेच सांगणार होतो. तुम्ही 'मामा, हे होत नाही' म्हणाल म्हणून सकाळपासून फोनपाशी बसलोय मी!"

"मग आधी सांगायचंत!"

"गणित सांगत नसतात, घालत असतात."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पास व्हायचं होतं ते फक्त 'होत नाही' म्हणून, आणि तेवढंच जमलं नाही! खुर्ची परत आणली, सगळ्यांच्या मागे एकटी ठेवली, तिच्यावर मी. आणि भाषणात सासरे म्हणतात, "मंडळी, मागे बघा. हजार आठ रांगेत बसल्या. एक काही केल्या बसत नाही. ते आमचे जावई!" अख्खं सभागृह वळलं! टाळ्या! सगळ्यांत जोरात कोण? पहिल्या रांगेतून आमची ही!

आता पुढच्या महिन्यात सासूबाईंची पंचाहत्तरी. माणसं किती, तर एक हजार तेरा. मी भागाकाराच्या भानगडीत पडलोच नाही... मागे ठेवायला एक जरा मऊ गादीची खुर्ची बघून ठेवलीय.