एका गालाची चेटकीण

"तुझ्या साहेबांनी माझ्या चेटकिणीचा जीव घेतलाय!"

बसच्या रांगेत मावशी कडाडली. मावशीनं कागदावर काढलेल्या चेटकिणीला भाची ऑफिसात थ्रीडी रूप देत होती. मोबाइलवर ते दाखवून ती पस्तावली.

"मावशी, हळू. लोक बघताहेत."

"बघू देत! माझी एकाच गालानं हसायची. ही दोन्हींनी हसतेय, दुकानातल्या बाहुलीसारखी."

"आम्ही अर्धाच चेहरा घडवतो, उरलेला आरशासारखा उलटवतो. साहेब म्हणतात, वेळ वाचतो."

"आणि खोडकरपणा गेला चुलीत?"

भाचीनं मोबाइलवर दुसरं चित्र उघडलं. "हे साहेबांना न विचारता केलंय. दोन्ही गाल वेगळे."

"अगं बाई! ही तर आत्ता डोळा मारेल!"

भाचीनं तिथूनच फोन लावला.

"साहेब, वेळ वाचवायचाय, की चेटकीण जिवंत हवीय? बोला!"