चाळीस कमी

(खुर्च्या-टेबलांच्या कारखान्याची कचेरी. टेबलावर किरकोळ खर्चाची पेटी उघडी. म्हातारे रोखपाल अण्णा आणि त्यांच्या हाताखालची बाई.)

बाई : जुळलं ना, अण्णा?

अण्णा : जुळलं. रोकड सतराशे चाळीस, पावत्या बत्तीसशे साठच्या. पाच हजार बरोब्बर.

बाई : मग झाकण लावू?

अण्णा : थांब जरा. सोमवारच्या मोजणीच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने चाळीस लिहून खोडलंयस. ते काय?

बाई : काही नाही. मोजताना चुकले.

अण्णा : चुकलीस तर तू पुन्हा मोजतेस, खोडत नाहीस. अगं, सरसाच्या डब्याची पावती मिळाली नाही म्हणून भर उन्हात दुकानात परत गेलेली बाई तू. मला शिकवतेस?

बाई : कमी होते. चाळीस.

अण्णा : आणि आज पुरे कसे झाले?

बाई : माझ्या पर्समधले घातले.

अण्णा : कशाला?

बाई : कशाला म्हणजे? चार वेळा मोजले. सगळ्या पावत्या पुन्हा लावल्या. टेम्पोवाल्याला गाठून विचारलं. पत्ता नाही. अण्णा, आठ वर्षं मी ह्याच कचेरीत झाडू मारला. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हिशेब शिकले. उद्या तुम्ही निवृत्त होणार, आणि पेटीची किल्ली कायमची कुणाकडे द्यायची ते मालकीणबाई आज ठरवणार. तुमच्या हातून चाळीस गेले तर लोक म्हणतील, हरवले. माझ्या हातून गेले तर म्हणतील, घेतले.

अण्णा : म्हणतील. खोटं कशाला बोलू?

बाई : मग?

अण्णा : मग तुझे चाळीस बाहेर काढ. आज गुपचूप घातलेस. उद्या चाळीस जास्त निघाले तर?

बाई : मी नाही हात लावायची.

अण्णा : लावशील. आपलेच आहेत म्हणून लावशील. मग पेटी कुठली आणि पर्स कुठली, देवाला ठाऊक. तूट लिही. तारीख, चाळीस, कारण सापडलं नाही, खाली सही.

बाई : आणि किल्ली गेली तर?

अण्णा : तर गेली.

बाई : तुमचं काय जातंय बोलायला.

अण्णा : ते मात्र खरं. तरी लिही.

बाई : द्या इकडे पेन. (आपले चाळीस काढून घेते, वहीत लिहिते.)

मालकीण : (आत येत) काय अण्णा, झाली का शेवटची मोजणी?

अण्णा : झाली. हिला विचारा.

बाई : मालकीणबाई, चाळीस कमी आहेत. सोमवारपासून. शोधून सापडले नाहीत. मी आधी स्वतःचे घालून झाकलं होतं, तेही लिहिलंय.

मालकीण : तेही लिहिलंय? आणा बघू वही. अण्णा, वडील होते तेव्हापासून मी ही वही बघतेय. एकतीस वर्षांत तूट म्हणून नाही. आणि ह्यांच्या हातात येऊन वर्ष झालं नाही तोवर...

अण्णा : एकतीस वर्षं रोज चिल्लर मोजणारा माणूस एकदाही चुकला नाही. तुम्हाला कधी नवल नाही वाटलं?

मालकीण : म्हणजे?

अण्णा : माझ्या खिशातून गेले. कधी दहा, कधी पन्नास. एकदा तर मुलीच्या वह्यापुस्तकांचे. लोक माझं उदाहरण द्यायचे ना, चूक कबूल करायची छातीच झाली नाही. हिची चिठ्ठी बघितली आणि लगेच ओळखलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

बाई : अण्णा, हे मघाशी का नाही सांगितलंत?

अण्णा : सांगितलं असतं तर माझ्या आधाराने लिहिलं असतंस. आता स्वतःच्या जिवावर लिहिलंस. आणि झाकलं होतं ते लिहायला मी सांगितलं नव्हतं. ते तुझं तू लिहिलंस.

मालकीण : बाई, पेटी बंद करा. किल्ली तुमच्याकडेच असू दे.

बाई : मालकीणबाई, चाळीसचं काय?

मालकीण : कारखान्याच्या नावे टाका. रडताय काय? आता माझीच पंचाईत झालीय. अण्णा, उद्याच्या तुमच्या निरोपाचं भाषण लिहून ठेवलंय मी. त्यात ठासून म्हटलंय, एकतीस वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही.

अण्णा : ते वाक्य काढून टाका.

मालकीण : मग म्हणू काय?

अण्णा : ही माझ्या हाताखाली शिकली, एवढं म्हणा.