पालकाची सही

हॅलो?… हां, बोल. नाही, नाही, झाली ड्यूटी. खाली कपडे बदलायच्या खोलीत बसलेय. बसलेय कसली, बाकावर पडलेय नुसती. एक बूट निघालाय, दुसऱ्याशी झटापट चाललीय… अगं, पाय सुजलेत, दुसरं काय. तू सांग. कॉलेज सुटलं?

मग वर्गातून फोन करतेस?… जिन्यात? जिन्यात का बाई?

…कसली सही?

थांब, थांब. हळू बोल. इथला पंखा खडखडतोय, अर्धं कानावर येतच नाही. परत सांग… फॉर्म… हं… शाखा बदलायचा… हं… कॉम्प्युटर सोडून… काय?

नर्सिंग?

हसत नाहीये गं. हसायला अंगात जोर लागतो.

कुणी भरवलं हे डोक्यात? कुणा मैत्रिणीनं?… तुझं तुलाच सुचलं. वा! दुसरं वर्ष अर्धं संपल्यावर आमच्या शेंडेफळाला सुचलं… आज? आज पाचपर्यंत? अगं, आत्ता साडेतीन वाजून गेलेत! माणूस भाजी घेताना सुद्धा जास्त वेळ लावतं, चिमणे.

नापास झालीस का? खरं सांग. रागावणार नाही… नाही रागावणार म्हटलं ना… पहिल्या पाचात? मग दुखतंय कुठं तुझं?

हं… हो… हो, कळलं, घुसमटतं. स्क्रीनकडे बघून घुसमटतं. इथं येऊन बघ, इथं घुसमटायलासुद्धा रजा टाकावी लागते.

अगं, त्या आजींचं काय घेऊन बसलीस! माझा डबा घेऊन एकदा आलीस, बाकावर एक आजी दिसल्या, अर्धा तास त्यांचे केस विंचरलेस. छान केलंस. पुण्य लागलं. पण मला एका सकाळीत बावीस जण असतात, आणि त्यातल्या एकालाही अर्धा तास देता येत नाही. उरलेले एकवीस शिव्या घालतात.

ऐक. अगं ऐक ना. बाबा गेल्यापासून तुझ्या प्रत्येक कागदावर पालक म्हणून मी, तुझ्या ताईनं, सही केलीय. सहलीच्या चिठ्ठीवर केली, तू काच फोडलीस तेव्हाच्या माफीपत्रावरसुद्धा केली. एकदाही का म्हणून विचारलं नाही. ही नाही करणार.

का म्हणजे? बारा वर्षं मी उभी आहे. सलग उभी. आईला वाटतं, मला वाटतं, घरातल्या एकीनं तरी बसून काम करावं. खुर्चीत. पाठीला टेकून. आई चार घरी सांगून आलीय, आमची धाकटी कॉम्प्युटरवाली म्हणून. हे एवढंच मागणं आहे आमचं, फार आहे का ते?

…रडू नकोस. जिन्यात रडू नकोस, लोक बघतात.

बरं, तू म्हणतेस ना तुला ठाऊक आहे काम काय असतं? मग माझा आजचा दिवस ऐक. मध्ये बोलायचं नाही. सकाळी आठला आत शिरले, चार नंबरच्या बेडवरच्यानं अंगावर ओकारी केली. ॲप्रन बदलेपर्यंत डॉक्टर ओरडले, उशीर का म्हणून. का ते सांगायला वेळ नाही. मग अकरा नंबरची सलाईन निघाली, कोपरापर्यंत रक्त… हो, रक्त. तुला बोट कापलं तरी गरगरतं… आता नाही? बरं, आता नाही.

दुपारी काय, तर नाटक. सात नंबरला एक मास्तर आहेत, निवृत्त, साखरेचे पेशंट. त्यांना खिडकी हवी. खिडकी नऊ नंबरला. नऊवर एक शिंपी, कानानं अधू, त्याचं आज पाचला ऑपरेशन, म्हणून रात्रीपासून उपाशी. तो बिचारा म्हणाला, मला कशाला खिडकी, मी तर जाणारच आहे आत. दोघांनी आपापसात ठरवलं आणि लावलं मला कामाला. मास्तर नऊवर, शिंपी सातवर. उशा, फायली, तांब्या, चष्मा, चपला… सगळं मी हलवलं. आणि हे करून शाबासकी नाही हं, वरिष्ठ सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला पुळका फार येतो पेशंटचा.

तोवर वाजले पावणेतीन. ताटं आज उशिरा, म्हणून मास्तरांना तेव्हा जेवणाआधीचं इन्शुलिन टोचलं आणि पळत पळत पुढच्या ड्यूटीच्या पोरीला सगळं बेडवार सांगितलं. चारला ओकारीचं औषध, सातला इंजेक्शन झालंय, ताट लगेच द्या, नऊ उपाशी, अकराची सलाईन… मध्ये बोलू नको म्हटलं ना.

काय?

उपाशी कोण ते कळतं कसं? पाटी असते ना. ‘उपाशी’ म्हणून पाटी लावतो आम्ही, उशाशी. ताटं वाटणाऱ्या मावशी तीच बघतात, त्या तोंडं कुठं लक्षात ठेवणार… नऊच्याच उशाशी आहे की. सकाळी मीच तर…

मास्तर नऊवर. हो.

…हो, शिंपी सातवर. सांगितलं ना आत्ता.

अरे देवा.

सातला ताट द्या म्हणाले मी, जुन्याच नंबरानं. मी सातला ताट द्या म्हणाले! फोन ठेवू नकोस. नाही, ठेव. नको, राहू दे चालू, भिंतीवर इंटरकॉम आहे इथं, थांब…

हॅलो! वॉर्ड? मी बोलतेय, सकाळची. ऐक, नऊवर जे मास्तर आहेत ते उपाशी नाहीत. नाहीत! त्यांना इन्शुलिन दिलंय, पोटात काही नाही. आधी त्यांच्याकडे जा… घाम आलाय? कधीपासून?… साखरपाणी पाज. आत्ता. गिळतायत ना नीट? बोलतायत?… पाज, मग साखर तपास, डॉक्टरांना हाक मार. आणि सातच्या समोरचं ताट काढून घे… हो, तोच ऑपरेशनचा… ऐकू येत नाही त्याला, ओरडू नकोस, ताट उचल सरळ… किती खाल्लं?

…अर्धं.

नाही, तुझी चूक नाही. तू मी सांगितलं तसं केलंस. माझी आहे. मास्तरांना एकटं सोडू नकोस. धर, मी आहे लाइनवर.

…

तू आहेस का गं? मोबाइलवर? ऐकतेयस?… बघतायत साखर. थांब. बोलू नकोस थोडा वेळ.

…

हां, बोल, बोल… किती?… वर येतेय म्हणजे किती आली?… बरं. बरं. बोलतायत का?… काय म्हणाले?… ‘पाटी होती म्हणून मागितलं नाही’. अरे कर्मा. मास्तर आहेत, पाटी पाळणारच. आता पोटभर जेवू घाल त्यांना, परत अर्ध्या तासानं साखर बघ. शिंप्याचं डॉक्टरांना मी येऊन सांगते. आज नाही होणार ऑपरेशन, भरल्या पोटी कसं करतील… येतेय मी वर. ठेव.

हॅलो. चिमणे.

…

बरे आहेत. साखर चढतेय. शिंप्याचं आता उद्यावर जाईल, त्याला परत एक दिवस उपास. तो हसला म्हणे, ताट छान होतं म्हणाला… मी रडत नाहीये. दुसरा बूट निघाला नव्हता ते बरं झालं, आता पहिला परत चढवायचाय.

वर जाऊन लेखी द्यायचंय. कुणी चुकवलं, कसं चुकवलं, सगळं. बोलतील. बोलू देत. बेड बदलले आणि पाटी बदलली नाही. बारा वर्षांची बाई मी, आणि चष्म्यापासून चपलांपर्यंत सगळं हलवलं, एक पाटी सोडून.

आता कळलं? तुमच्या कॉम्प्युटरवर चुकलं तर खोडता येतं. इथं मास्तर घामाघूम होऊन पाटीखाली गप्प बसून राहतात… मी घाबरवत नाहीये तुला. मी घाबरलेय. मी स्वतः घाबरलेय गं.

…

हो?

एवढं ऐकूनसुद्धा नर्सिंगच?

…कशी गं तू. मी तुला परावृत्त करायला दिवसभराचं रडगाणं लावलं होतं. दुसरी कुणी असती तर हं हं करत नखं कुरतडत बसली असती. तू शिंपी कुठं झोपलाय ते लक्षात ठेवत होतीस. तुझ्या प्रश्नाआधी मला पत्ता नव्हता, आणि मी समोर उभी राहून आलेली.

हुशार आहेस म्हणून हो म्हणत नाहीये. हुशार तू तिकडेही आहेसच. मी दमलेय, बाई. माझ्यासारख्या दमलेल्या बायकांच्या पाठीमागं कुणीतरी कान उघडे ठेवून उभं राहायला हवं, आणि ते कुणाच्या तरी घरातूनच यायला हवं. आपल्या घरातून येऊ नये असं फार वाटत होतं मला. फार. अजूनही वाटतंय.

साडेचारला मागच्या फाटकाशी ये. फॉर्म घेऊन ये. वरचं आटोपलं की मी खाली येते… आईला मी सांगते. नाही, मीच सांगते, तुझ्या तोंडून ऐकलं तर ती आधी रडेल आणि मग मला रागावेल, त्यापेक्षा सरळ मलाच रागावू दे.

हो गं, करते सही. करते म्हटलं ना… अगं, आता का रडतेस? डोळे पूस आधी. रडत रडत रस्ता ओलांडू नकोस. ठेव फोन. ठेव, मला वर जाऊ दे.